“देवाची इच्छा” म्हणजे काय?



एखाद्या घरीं कोवळें मूल दगावतें, तेव्हां आपण सांत्वनास जातों आणि म्हणतों, “देवाची इच्छा!” हे शब्द सद्भावनेनें उच्चारलेले असतात, पण त्या मातेच्या मनांत प्रश्न उरतो: माझें मूल देवानेंच हिरावून नेलें काय?

हाच प्रश्न एकदां संपूर्ण नगरापुढें उभा राहिला. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं, सर्व संतांच्या सणाच्या सकाळीं, लोक मिस्सेसाठीं जमले असतां लिस्बन शहर भूकंपानें हादरलें. देवळें भाविकांवर कोसळलीं. मागून समुद्राच्या लाटा आल्या, आगी भडकल्या. फादर गाब्रिएल मालाग्रिदा यांनीं पुढच्या वर्षीं लिहिलें कीं, याचें कारण निसर्गांत नसून लोकांच्या पापांत आहे. परंतु शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं, ही समजूत प्रभु येशूनें स्वतःच नाकारिली. पश्चात्तापाचें पाचारण मात्र त्यानें सर्वांनाच केलें.

मग ईश्वरी तरतूद कशास म्हणावें? संत थॉमस अक्वायनस यांनीं तेराव्या शतकांतच शिकविलें कीं, परमेश्वर आदिकारण असून तो सृष्ट वस्तूंनाही खरीं कारणें होऊं देतो. १९९२ चा कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथ सांगतो कीं, सृष्टि अद्याप पूर्णत्वाच्या वाटेवर आहे, आणि देव नैतिक दुष्टतेचा कर्ता कदापि नव्हे. १९९४ सालीं क्लार्क पिनॉक व त्यांचे सहलेखक हे प्रॉटेस्टंट पंडित याहून पुढें गेले: मनुष्य स्वतंत्रपणें पुढें काय करील, हें देवासही आधीं निश्चित ज्ञात नसतें, असें त्यांनीं मांडिलें. हें आपणांस मान्य नाहीं. कारण सर्व काळ देवापुढें उघडाच आहे. तथापि देव प्रार्थना खरोखर ऐकतो, ही त्यांची तळमळ आपलीही आहे.

कल्व्हारीवर पित्यानें पुत्राचें मरण टाळिलें नाहीं; पण मरणाला शेवटचा शब्दही बोलूं दिला नाहीं. त्या मातेला “कां?” याचें पुरें उत्तर देवाच्या समोरासमोरच मिळेल. तोंवर तिच्या दारीं जातांना निवाडा सांगूं नका. जेवण पोंचवा, पाणी भरा, जपमाळ घेऊन शेजारीं बसा. त्या घराकरितां देवाची तरतूद कदाचित् तुमच्याच हातून यावयाची असेल.