पाटीवरचा माणूस

मुंबईत टॅक्सीवाल्याला 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर सोडा' असं सांगून पाहा. तो मान वळवून पुन्हा विचारील. 'लॅमिंग्टन रोड' म्हणालात की लगेच मीटर टाकील. फॉकलंड रोडचा पठ्ठे बापूराव मार्ग झाला, आर्थर रोडचा साने गुरुजी मार्ग झाला. पाटीवरून साहेब उतरला, जिभेवर मात्र अजून ठाण मांडून आहे.

याचा सगळा दोष लोकांना देऊन चालणार नाही. गोदीच्या कडेनं जाणाऱ्या फ्रियर रोडला पी. डिमेलो यांचं नाव दिलं, ते रुजलं. डिमेलो गोदी कामगारांचे पुढारी. १९५८ साली ते गेले. ज्या रस्त्यानं त्यांचे कामगार पाळीवर जात, त्याच रस्त्याला त्यांचं नाव मिळालं. गिरणगावातल्या डिलाईल रोडला ना. म. जोशींचं नाव दिलं, तेही असंच शोभून दिसतं. १९२० मध्ये आयटक ही देशातली पहिली मोठी कामगार संघटना उभी राहिली, तिच्या उभारणीत जोशी आघाडीवर होते. माणसाचं काम आणि रस्त्याची वस्ती यांचं नातं जुळलं, की नावाला माती मिळते.

पण रुजलेल्या नावाचंही आपण काय करतो? त्याची आद्याक्षरं करतो. स्वामी विवेकानंदांचा एस. व्ही. रोड होतो, लालबहादूर शास्त्रींचा एल. बी. एस. होतो. विवेकानंद आणि शास्त्रीजी यातूनही तरतील. त्यांचे धडे पाठ्यपुस्तकात आहेत. ज्यांना पाटीखेरीज दुसरी जागाच नाही, त्यांचं काय?

प्रभादेवीचा सयानी रोड घ्या. रवींद्र नाट्यमंदिर याच रस्त्यावर. नाटकाच्या निमित्तानं हजारो मराठी रसिक इथं येतात. सयानी कोण, हे त्यातल्या किती जणांना सांगता येईल? रहिमतुल्ला सयानी १८८८ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष होते आणि १८९६ च्या कलकत्ता काँग्रेसचेही अध्यक्ष होते. मशीद बंदर भागात युसूफ मेहेरअली रोड आहे. मेहेरअली १९४२ साली मुंबईचे महापौर झाले. 'सायमन, परत जा' ही घोषणा त्यांची आणि 'छोडो भारत' हे शब्दही त्यांनीच सुचवलेले. ही घोषणा शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ असते, ती सुचवणारा मात्र पाटीवर उन्हात उभा असतो.

पुण्यात जुन्या बाजाराजवळ शाहीर अमर शेख चौक आहे. बार्शीचा हा मेहबूब पटेल. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा याच्या आवाजानं पेटत. ऑक्टोबर २०१८ मध्ये या चौकात जाहिरातीचा सांगाडा कोसळला, माणसं गेली, आणि शाहिराचं नाव पुन्हा वर्तमानपत्रांत आलं. आलं ते अपघाताचं ठिकाण म्हणून!

मी मराठीत कविता लिहितो आणि माझं नाव मुसलमानाचं आहे. म्हणून ही गोष्ट मला जरा अधिक टोचते. पाटीवर नुसतं नाव असलं की वाचणारा आडनावावरून माणसाचा मोहल्ला ठरवतो. 'असेल त्यांच्यातला कुणी पुढारी' म्हणतो आणि पुढे जातो. नगराचा अध्यक्ष, नगराचा महापौर, साऱ्या महाराष्ट्राचा शाहीर एका क्षणात एका जमातीपुरता उरतो. अण्णाभाऊ साठ्यांच्या वाट्याला हेच येतं, डिमेलोंच्या वाट्यालाही हेच येतं.

सोलापूरचे चार हुतात्मे मला या बाबतीत फार मोलाचे वाटतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना एकाच दिवशी फाशी झाली. चौकात चौघे एकत्रच उभे आहेत. त्यांची नावं एका दमात म्हणून पाहा, सोलापूर शहर कसं घडलं ते वेगळं सांगावं लागत नाही. मात्र त्यासाठी चारही नावं म्हणायला हवीत. नुसतं 'चार पुतळे' म्हणून भागत नाही.

नावात काय आहे, असं म्हणणाऱ्यांनी जातीच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांतून राहून पाहावं. पत्ता सांगताना मान खाली जाते. ती नावं काढून समतानगर, क्रांतीनगर अशी नावं द्यावीत, असा निर्णय राज्य सरकारनं डिसेंबर २०२० मध्ये घेतला, तो योग्यच होता.

रस्त्यांच्या बाबतीत माझं मागणं याहून लहान आहे. नामांतराचा ठराव होतो, फीत कापली जाते, हार पडतात. त्या खर्चात पाटीखाली दोन ओळी सहज मावतील. हा माणूस कोण, कुठल्या काळातला आणि या गावासाठी त्यानं काय केलं, एवढंच लिहावं. त्या रस्त्यावरच्या शाळेनं वर्षातून एकदा मुलांना पाटीपाशी न्यावं आणि त्या ओळी मोठ्यानं वाचून घ्याव्यात. लोक पुढेही लॅमिंग्टन रोडच म्हणत राहिले, तरी माझी तक्रार नाही. पण कुणी विचारलं, 'हे भडकमकर कोण?' तर त्या रस्त्यावरच्या एखाद्या पोराला तरी उत्तर देता यावं.