जांभळी आंबुशी आणि तिची उन्हाळी झोप

एपिसोड सुरू करण्याआधी एक काम करा. घरातल्या कुंड्यांमध्ये डोकावून बघा. बदामाच्या आकाराची तीन-तीन पानं, इवलंसं पिवळं फूल, असं काही आपोआप उगवलंय? ती आंबुशी. लहानपणी तिचं पान चावून तोंड आंबट केलंच असेल तुम्ही.

आज तिच्या जांभळ्या बहिणीबद्दल बोलू. नाव ऑक्झॅलिस ट्रँग्युलॅरिस, मूळची दक्षिण अमेरिकेतली. नर्सरीत 'ऑक्झॅलिस' किंवा 'पर्पल शॅमरॉक' म्हणून मिळते. हिची पानं दिवसा पसरतात आणि अंधार पडला की छत्रीसारखी मिटतात. पानाच्या बुडाशी एक छोटा सांधा असतो. त्याच्या पेशींत पाणी कमी-जास्त झालं की पान हलतं. म्हणजे लाइट सेन्सर इनबिल्ट, बॅटरीची गरज नाही!

आता काळजी. खिडकीजवळ भरपूर उजेड हवा. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं कडक ऊन नको. उजेड कमी पडला तर देठ लांबतात आणि लोंबकळतात. पाण्यासाठी मोबाईलवर रिमाइंडर लावू नका, मातीत बोट घाला. वरचा इंचभर थर कोरडा लागला तरच पाणी. मातीखाली हिचे छोटे, खवलेदार कंद असतात आणि चिखलात ते कुजतात. त्यामुळे कुंडीला भोक हवंच आणि माती भुसभुशीत हवी.

खरी परीक्षा उन्हाळ्यात. माझा रूममेट जर्मनीला गेला तेव्हा त्याची ऑक्झॅलिस माझ्याकडे ठेवून गेला. 'सांभाळ रे,' एवढंच म्हणाला. पुण्यातला एप्रिल. आठवड्याभरात सगळी पानं सुकली. घरी येणारा प्रत्येक जण म्हणायचा, 'मेलंय ते, फेकून दे.' व्हिडिओ कॉलवर त्याने विचारलं, 'कशी आहे?' मी कॅमेरा रिकाम्या कुंडीवर नेला. तो गप्पच झाला. मग मी माती थोडी उकरली, एक कंद दाबून दाखवला. टणक होता. म्हटलं, 'अरे, झोपलीय.'

पारा बराच काळ 27-28 अंशांच्या वर राहिला की ही असं करते. पानं सोडून देते आणि जीव कंदात साठवते. अशा वेळी सुकलेली पानं काढा, पाणी जवळजवळ बंद करा, कुंडी सावलीत सरकवा. काही आठवडे लागतील, कधी दोन-तीन महिनेही. कंद टणक असेल तर थांबा. मऊ, पाणचट झाला असेल तर तो गेला. कुंडी बदलायची, कंद वेगळे करून मित्रांना द्यायचे, तर हीच वेळ. दीड-दोन इंच खोल लावा.

जूनमध्ये हवा गार झाली आणि मातीतून मान वाकवलेला एक जांभळा देठ वर आला. फोटो पाठवला. रिप्लाय आला: 'आईला पण दाखवला!'

कोंब दिसला की पाणी हळूहळू सुरू करा, एकदम तांब्या ओतू नका.

शेवटचं आणि महत्त्वाचं. हिच्या आंबटपणामागे ऑक्झॅलेट्स आहेत. मांजर किंवा कुत्रा असेल तर कुंडी उंचावर ठेवा, जास्त खाल्लं तर त्यांच्या किडनीला त्रास होऊ शकतो. आणि ज्यांना मुतखडा झालाय, त्यांनी पानं चघळायचा मोह टाळा.

तुमच्याकडे अशी एखादी 'मेलेली' कुंडी असेल तर आज फेकू नका. आधी माती उकरून बघा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!