लेकीचं गाणं आणि गटाचं कर्ज

चूल, धारा आटोपून बसला असाल. आज बचतीचं बोलायचं नाही, म्हणजे बोलायचं आहे, पण जरा वेगळं.

आमच्या गटातल्या एका ताईंची लेक बीए झाली, संगीत विषय घेऊन. शिवाय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत देत विशारद पूर्ण झाली. प्रारंभिकपासून मोजलं तर ही सातवी परीक्षा. तालुक्याच्या गावी एसटीनं जाऊन शिकली पोरगी. तिला आता कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात संगीतात एमए करायचं होतं. दोन वर्षांचं शिक्षण. त्याच आठवड्यात तिला एका पतसंस्थेत नोकरी सांगून आली, महिना नऊ हजार. आईनं बैठकीत अर्ज टाकला चाळीस हजारांच्या कर्जाचा, आणि वर म्हणाली, "तुम्हीच नाही म्हणा, म्हणजे माझ्यावर येणार नाही."

आम्ही लगेच नाही म्हणालो. खरं सांगतो, पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. "गाऊन कुठं चूल पेटते?" असं एक अक्का म्हणाल्या. दुसऱ्या म्हणाल्या, "जात्यावर आम्ही काय कमी गायलो? कुणी दमडी दिली?" सगळ्या हसलो. पोरगी दाराशी उभी होती, तिला कुणी विचारलंच नाही. आम्ही पंचसूत्री पाठ म्हणतो, नियमित बैठक, नियमित बचत वगैरे. पण ज्याच्यासाठी कर्ज घ्यायचं त्याला विचारा, हे त्यात लिहिलेलं नाही ना.

घरी गेल्यावर चैन पडेना. शेळीला कर्ज देताना आपण शेळी बघायला जातो, तिचे दात बघतो. इथं काहीच न बघता मोकळ्या झालो होतो. मग ताई, त्यांची लेक आणि आम्ही तिघी असं कोल्हापूर गाठलं. बायकांना एसटीला अर्धं तिकीट, तेवढी सोय झाली.

तिथं शिकणाऱ्या दोन मुलींना गाठून विचारलं, नुसतं एमए केलं की पुढं काय? त्यांनी गोड काही सांगितलं नाही. कॉलेजात प्राध्यापक व्हायचं तर एमएला 55 टक्के हवेत, राखीव प्रवर्गाला 50. वर नेट नाहीतर सेट पास व्हायला लागतं, आणि एवढं करून जागा निघायला हवी. शाळेत संगीत शिक्षकाच्या जागा फार थोड्या. आकाशवाणीवर गायचं तर आवाजाची चाचणी द्यायची, श्रेणी मिळाली तर कार्यक्रम मिळतात, पण तो पगार नव्हे. खरी भाकरी शिकवण्यांची. एक मुलगी पंधरा पोरांना शिकवत होती, प्रत्येकी चारशे. महिना सहा हजार झाले, त्यात खोलीभाडं आणि खानावळ भागत होती.

परतीच्या गाडीत कुणीतरी मोगूबाई कुर्डीकरांचं नाव काढलं. गोव्यातल्या कुर्डी गावच्या. लेकरं सांभाळून गाणं शिकल्या आणि लेकीला, किशोरी आमोणकरांना, घडवलं. ताई तडकल्या, "त्या लाखात एक. माझी पोरगी नाही झाली तशी, तर?" त्याला आमच्याकडं उत्तर नव्हतं. पोरगीच म्हणाली, "मला मोगूबाई व्हायचं नाही गं आई. नीट शिकायचंय, आणि नीट शिकवायचंय."

मग नोकरीचाही हिशोब मांडला. महिना नऊ हजार, सकाळी नऊला निघायचं, रात्री आठला घरी. रियाज पहाटे पाचला करावा, तर घरच्यांची झोपमोड. वर्षभरात गळा बसेल, असं तिचं म्हणणं. आमच्यातल्या काहींचं शिक्षण लग्नात अडकून सुटलं. "नंतर करू" म्हटलेलं नंतर कुणाचंच झालं नाही, हेही कुणीतरी हळू आवाजात बोललं. पण घरातलं पित्त्याचं दुखणं, खत-बियाण्याची उधारी, हेही खरं होतं. नऊ हजार म्हणजे काही चेष्टा नव्हे.

पुन्हा बैठक घेतली. चाळीसऐवजी वीस हजार द्यायचं ठरलं, महिना एक टक्का व्याजानं. पहिले तीन महिने फक्त व्याज, म्हणजे दोनशे रुपये. नंतर हजार मुद्दल आणि वर व्याज. उरलेले वीस हजार दुसऱ्या वर्षी, पहिल्या वर्षाचा निकाल आणि तिच्या शिकवण्यांची वही बघून. एका सदस्येनं विरोध नोंदवला, तो आम्ही ठराव वहीत तसाच लिहिला. तिचंही चुकलं असं आम्हाला वाटत नाही.

पोरगीनं प्रवेश घेतला. तिथं आठ पोरं तिच्याकडं शिकायला येतात, पंधरा नाहीत. मागच्या महिन्यात बाराशेचा पहिला हप्ता आला, तिच्या कमाईतला. ताई हप्ता मोजून देतात, पावती घेतात आणि अजून म्हणतात, "पतसंस्थेत लागली असती तर आत्तापर्यंत कायम झाली असती." दुसऱ्या वीस हजारांची बैठक येत्या जूनमध्ये आहे.