श्रेष्ठ ध्वनिमुद्रिका कोणती ? — प्रोग्रेसिव्ह रॉकचा एक जुना वाद

श्रेष्ठ कोण, हा प्रश्न रसिकतेइतकाच जुना आहे. कालिदास मोठा कीं भवभूति मोठा, ह्या वादांत पंडितांच्या पिढ्या खपल्या. पण निकाल लागत नाहीं म्हणून तो वाद घालण्याचें कोणी सोडलें नाहीं. कारण उघड आहे. अशा वादांत निकालापेक्षां निकालाचीं कारणें अधिक मोलाचीं असतात. एकानें एक नांव घेतलें कीं दुसरा 'कां ?' म्हणून विचारतो, आणि त्या 'कां'चें उत्तर देतांना, कलेपासून आपली अपेक्षा काय हें बोलणाऱ्याला बहुधा प्रथमच स्पष्ट करावें लागतें. इंग्लंडांत १९६७ ते १९७५ च्या दरम्यान बहरास आलेल्या 'प्रोग्रेसिव्ह रॉक' ह्या संगीतप्रकाराविषयीं असाच एक वाद पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे : ह्या प्रकारांतील सर्वांत श्रेष्ठ ध्वनिमुद्रिका कोणती ?

रॉक हें मूळचें तरुणांचें नृत्यसंगीत. तीन मिनिटांचें गाणें, चार मात्रांचा ठळक ठेका आणि सहज तोंडीं बसणारें पालुपद, एवढ्यावर त्याचा संसार चाले. १९४८ सालीं अमेरिकेंत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी लाँग-प्ले तबकडी निघाली आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटांची जागा मिळूं लागली. परंतु रॉकच्या कलावंतांनीं त्या जागेंत बरींच वर्षें सुटीं गाणींच भरलीं. प्रशस्त वाडा बांधावा आणि त्यांत एकेका खोलीचीं बिऱ्हाडें ठेवावींत, तसाच तो प्रकार होता. १९६७ सालीं बीटल्स मंडळीच्या 'सार्जंट पेपर' ह्या ध्वनिमुद्रिकेनें सबंध तबकडी ही एकच कृति होऊं शकते, असा विश्वास उत्पन्न केला. त्याच वर्षीं मूडी ब्लूज ह्या वाद्यवृंदानें 'डेज ऑफ फ्यूचर पास्ड' मध्यें पहांटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस तबकडीच्या दोन बाजूंवर मांडून दाखविला.

त्यानंतर जे तरुण ह्या वाटेनें निघाले, त्यांपैकीं कोणी पाश्चात्य अभिजात संगीताचें शिक्षण घेतलेले होते, कोणी जॅझ वाजविणारे होते, तर कोणाच्या कानांत चर्चमधील समूहगायन लहानपणापासून मुरलेलें होतें. त्यांनीं गाण्याची लांबी वाढविली आणि चार मात्रांचा ठेका मोडून पांच, सात, नऊ मात्रांचे हिशेब मांडले. रूपकाच्या सात मात्रा ज्याच्या अंगवळणीं पडल्या आहेत अशा महाराष्ट्रीय श्रोत्याला ह्यांत नवल वाटणार नाहीं. पण जे पाय केवळ चारावर नाचावयास शिकले होते, ते सातावर अडखळणें स्वाभाविकच होतें. 'प्रोग्रेसिव्ह' म्हणजे पुढें जाणारें, ही संज्ञा ह्या संगीताला त्यामुळेंच चिकटली; आणि संज्ञेबरोबर जबाबदारीहि आली. जो 'पुढें जातों' म्हणतो, त्याला कोठवर पोंचला हें विचारण्याचा अधिकार श्रोत्यांस प्राप्त होतो.

तेव्हां श्रेष्ठत्व ठरवावयाचें तर कसोट्या आधीं ठरविल्या पाहिजेत. त्या तीन असाव्यात. पहिली नावीन्याची : पूर्वीं न झालेलें असें कांहीं त्या कृतींत झालें काय ? दुसरी एकसंधतेची : तिचे भाग एकमेकांवाचून अपुरे वाटतात काय, आणि तिची लांबी तिला शोभते काय ? तिसरी टिकाऊपणाची : काळ बदलल्यावर आणि श्रोता बदलल्यावरहि ती बोलकी राहते काय ? ह्या तीन कसोट्यांवर तीन ध्वनिमुद्रिका विशेषेंकरून उभ्या राहतात.

पहिली किंग क्रिम्झन ह्या मंडळीची 'इन द कोर्ट ऑफ द क्रिम्झन किंग'. रॉबर्ट फ्रिप, इयन मॅक्डॉनल्ड, ग्रेग लेक आणि मायकेल जाइल्स हे वादक-गायक व पीटर सिनफील्ड हा गीतकार ह्यांनीं १९६९ च्या आरंभीं ही मंडळी उभी केली. जुलैंत लंडनच्या हाइड पार्कमध्यें रोलिंग स्टोन्सच्या कार्यक्रमापूर्वीं ते एका प्रचंड समुदायापुढें वाजले आणि १० ऑक्टोबर रोजीं त्यांची पहिलीच ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिच्या आरंभींचें गीत युद्धाच्या आणि यंत्रयुगाच्या भयानें भरलेलें असून त्यांतील गायकाचा आवाज मुद्दाम फाटका व विद्रूप करून ठेवला आहे. पुढें 'एपिटाफ' ह्या गीतांत मेलोट्रॉन नांवाच्या वाद्याचा करुण, विशाल स्वरपट उलगडतो. मेलोट्रॉन दिसावयास आपल्या बाजाच्या पेटीसारखेंच पट्ट्यांचें. मात्र त्याच्या प्रत्येक पट्टीखालीं ध्वनिफितीचा एक तुकडा असतो. पट्टी दाबली कीं फितीवर आधींच मुद्रित केलेला व्हायोलिनचा वा बासरीचा सूर वाजतो, आणि सुमारें आठ सेकंदांनीं फीत संपली कीं सूरहि संपतो. असल्या आठ-आठ सेकंदांच्या उसन्या सुरांतून ह्या मंडळीनें एवढें गांभीर्य निर्माण केलें, हें विशेष होय.

नावीन्याच्या कसोटीवर ह्या कृतीला तोड नाहीं. पुढें आलेल्या बहुतेक मंडळ्यांनीं तिचें ऋण घेतलें आहे. परंतु एकसंधतेच्या कसोटीवर ती उणी पडते. सुमारें चव्वेचाळीस मिनिटांच्या ह्या तबकडींत 'मूनचाइल्ड' हा एकच भाग बारा मिनिटांहून अधिक आहे. त्यांतील गीत थोडक्यांत संपतें आणि मग उरतात त्या आयत्या वेळीं सुचलेल्या मंद, विखुरलेल्या स्वरांच्या चाहुली. ज्या इमारतीचा चौथा हिस्सा अर्धवट राहिला, तिचा पाया कितीहि भक्कम असला तरी तिला पूर्ण म्हणतां येत नाहीं. तिच्या मुखपृष्ठावरचा तो किंकाळी फोडणारा तांबडा चेहरा रंगविणारा तरुण, बॅरी गॉडबर, पुढच्याच वर्षीं वारला. आणि मॅक्डॉनल्ड व जाइल्स हे तर १९६९ चें वर्ष संपण्यापूर्वींच मंडळींतून बाहेर पडले. ती एका क्षणाची वीज होती.

दुसरी पिंक फ्लॉइड ह्यांची 'द डार्क साइड ऑफ द मून'. मार्च १९७३ मध्यें ती प्रसिद्ध झाली. पण त्यापूर्वीं सुमारें वर्षभर रंगमंचावर ती वाजवून, घासून-पुसून घेण्यांत आली होती. काळ, पैसा, मृत्यु आणि बुद्धिभ्रंश हे तिचे विषय. ह्या मंडळीचा आरंभींचा गायक सिड बॅरेट मानसिक व्यथेमुळें १९६८ मध्यें मागें पडला, त्याची सांवली ह्या गीतांवर आहे. घड्याळांचे टोले, नाण्यांचा खणखणाट, काळजाचे ठोके असले रोजचे आवाज तींत संगीताचा भाग होऊन येतात. पैशाविषयींच्या गीतांत तर नाण्यांचाच आवाज सात मात्रांचा ठेका धरतो. क्लेअर टॉरी ह्या गायिकेनें एकहि शब्द न उच्चारतां केवळ स्वरांनीं केलेला विलाप ऐकून ज्याचें मन हललें नाहीं असा श्रोता विरळाच. त्या गायनाबद्दल तेव्हां तिला तीस पौंड मिळाले. रचनेच्या श्रेयांतील तिचा वाटा मात्र न्यायालयांत दाद मागितल्यावर, २००५ सालच्या तडजोडीनें, मान्य झाला.

अमेरिकेंतील बिलबोर्ड साप्ताहिकाच्या यादींत ही ध्वनिमुद्रिका १९७३ पासून १९८८ पर्यंत ७४१ आठवडे होती. टिकाऊपणाचा याहून मोठा पुरावा कोणता द्यावयाचा ? पुष्कळ खपलें म्हणून तें हलकें, असें म्हणणारे रसिक सर्वत्र असतात. परंतु तो रसिकतेचा नव्हे, अहंकाराचा प्रकार होय. लोकांना तुकाराम कळतो म्हणून तुकाराम लहान ठरत नाहीं. तथापि येथें एक भेद केला पाहिजे. 'डार्क साइड' चें बळ साधेपणांत आहे. तिचीं गीतें बहुतांशीं मर्यादित लांबीचीं असून तीं एकमेकांस कौशल्यानें जोडलेलीं आहेत. एकाच बीजापासून दीर्घ रचना वाढवीत नेणें हें जें ह्या संगीतप्रकाराचें अवघड व्रत, तें तिनें घेतलेलेंच नाहीं. ती थोर ध्वनिमुद्रिका आहे. पण प्रोग्रेसिव्ह रॉकची म्हणून थोर आहे काय, हा प्रश्न उरतोच.

इतरांचेहि हक्क आहेत. जेनेसिसच्या 'फॉक्सट्रॉट' (१९७२) मधील 'सपर्स रेडी' हें सुमारें तेवीस मिनिटांचें, सात खंडांचें गीत एकट्यानें उभें राहण्यास समर्थ आहे. पण तें तबकडीचें एकच अंग होय. जेथ्रो टलची 'थिक अॅज अ ब्रिक' (१९७२) दोन्ही बाजू मिळून एकच गीत आहे. गंमत ही कीं तें ह्याच प्रकाराची थट्टा करण्यासाठीं रचलें गेलें, आणि थट्टा मूळ मालाहून सरस उतरली.

तिसरी ध्वनिमुद्रिका येस ह्या मंडळीची 'क्लोज टु दि एज'. ती सप्टेंबर १९७२ मध्यें निघाली. तींत रचना अवघ्या तीन, आणि पहिलीच एक संपूर्ण बाजू, अठरा मिनिटांहून अधिक, व्यापते. तिच्या कल्पनेमागें जर्मन लेखक हेर्मान हेसे ह्याची 'सिद्धार्थ' ही १९२२ सालची कादंबरी आहे. म्हणजे भारतांतील एका शोधकाची, नदीकांठीं शांति पावलेल्या जीवाची कथा जर्मनींतून इंग्लंडांत जाऊन तेथें स्वररूप झाली. आरंभीं पांखरांचा किलबिलाट आणि वाहत्या पाण्याचा आवाज ऐकूं येतो. मग एकाएकीं गिटार, बास आणि ढोल ह्यांची अशी झटापट सुरू होते कीं कोणाचा कोणाशीं मेळ आहे हेंच प्रथम कळत नाहीं. त्या गोंधळांतून मुख्य धून वर येते, गीत सुरू होतें, तीच चाल दुसऱ्या खंडांत निराळ्या लयीवर बसते. तिसऱ्या खंडांत सर्व वेग ओसरतो; दोन थरांवरचे आवाज एकमेकांस उत्तर देत राहतात, आणि रिक वेकमननें लंडनच्या सेंट जाइल्स क्रिपलगेट ह्या चर्चमध्यें वाजविलेला ऑर्गन अचानक सारें अवकाश भरून टाकतो. चौथ्या खंडांत आरंभींचें पालुपद परत येतें. पण आतां तें तसेंच राहिलेलें नसतें. तेच स्वर, तेच शब्द, आणि अर्थ मात्र पोंचल्याचा. शेवटीं पुन्हां पाणी आणि पांखरें.

परत येणें आणि बदलून परत येणें, ह्यांतच दीर्घ रचनेचें समर्थन असतें. अठरा मिनिटें खर्च केल्यावांचून तें पालुपद ह्या अर्थानें ऐकूंच येणार नाहीं. येथें लांबी हा डौल नसून गरज आहे. आणि हें सारें एका बैठकींत साधलेलें नाहीं. तुकड्यातुकड्यांनीं वाजवावें, फीत कापावी, जोडावी, पुन्हां वाजवावें, अशा रीतीनें ध्वनिलेखक एडी ऑफर्ड ह्याच्या साह्यानें तें शिवलें गेलें. शिवण मात्र दिसत नाहीं.

आक्षेप आहेत. जॉन अँडरसनच्या गीतांचे शब्द दुर्बोध आहेत, हें मान्य केलेंच पाहिजे. नादासाठीं शब्द निवडले कीं अर्थ मागें राहतो. पण ख्यालाच्या बंदिशींतील शब्दांकडे आपण जेवढ्या अपेक्षेनें पाहतों, तेवढीच येथें ठेवली तर रसभंग होत नाहीं. दुसरा आक्षेप असा, कीं ह्याच वाटेनें पुढें हें संगीत फुगलें. तोहि खरा आहे. परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रांतील एका तळटीपेवरून सुचलेली 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' ही येसची पुढची कृति (१९७३) दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर पसरली, आणि स्वतः वेकमन नाराज होऊन १९७४ मध्यें बाहेर पडला. १९७६-७७ मध्यें पंक मंडळ्यांनीं ह्या साऱ्या वैभवाविरुद्ध बंड केलें, तें अगदींच निष्कारण नव्हतें.

परंतु ह्याच घटनांतून 'क्लोज टु दि एज' चें स्थान निश्चित होतें. तिच्या नांवाचा अर्थ 'कड्याच्या अगदीं जवळ'. एक पाऊल मागें असती तर ती चांगल्या गाण्यांची तबकडी झाली असती; एक पाऊल पुढें गेल्यावर काय झालें तें वर सांगितलेंच. हें सर्वांत आधीं ओळखलें तें तिच्यांत ढोल वाजविणाऱ्या बिल ब्रुफर्डनें. ध्वनिमुद्रण पुरें होतांच, कीर्ति व द्रव्य समोर असतांना, तो ही मंडळी सोडून किंग क्रिम्झनमध्यें गेला. तेथें यश अनिश्चित होतें, पण शिकण्याजोगें पुष्कळ होतें. पुढें जाणाऱ्या संगीताचा ह्याहून प्रामाणिक पुरस्कर्ता दाखवितां येणार नाहीं.

म्हणून नावीन्याचा मान 'क्रिम्झन किंग' ला द्यावा, लोकांच्या हृदयांतील स्थान 'डार्क साइड' चें आहेच. पण ह्या संगीतानें जें वचन दिलें होतें तें पुरतेपणीं पाळणारी ध्वनिमुद्रिका म्हणून 'क्लोज टु दि एज' हीच श्रेष्ठ मानावी लागते. ज्यांना हा निर्णय पटणार नाहीं त्यांनीं एका निवांत सायंकाळीं तिन्ही ध्वनिमुद्रिका, मध्यें न उठतां, आरंभापासून शेवटपर्यंत ऐकाव्यात आणि मग आपला निर्णय कारणांसह मांडावा. एवढा वेळ एका कृतीजवळ बसण्याची संवय लागली, तर वाद कोणीहि जिंकला तरी हरणार कोणीच नाहीं.