युगांडाला जाण्याआधी

(निरोपाच्या उपासनेनंतर मंडळीपुढे केलेलं भाषण)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि पाळकसाहेबांचं घड्याळ माझ्या समोरच टेबलावर ठेवलेलं आहे. ३१ वर्षं या भागात काम केलेल्या बाईला दहा मिनिटं म्हणजे थोडीच झाली, पण मागच्या बाकावरची मुलं भुकेली दिसतात, म्हणून लवकर आटपते.

आधी पैशाचं बोलते. ते मनात असलं की पुढचं काही कानात शिरत नाही. आपल्या पत्रिकेत दर तीन महिन्यांनी ज्या आदिवासी निधीचा हिशोब छापला जातो, त्यातला एक रुपयाही माझ्या प्रवासाला लागलेला नाही. तिकीट माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून काढलं. तिकडच्या मिशन रुग्णालयात राहायला एक खोली आणि जेवण मिळेल, पगार मिळणार नाही. मागच्या महिन्यात एका रविवारी जे खास दान आपण गोळा केलंत, त्यातून दोन वर्षांचा वैद्यकीय विमा भरला आणि बाकीचे पैसे खजिनदारांकडे परत दिले. पावती दवाखान्याच्या फळ्यावर लावलेली आहे. ज्यांना वाटतं की पाड्यांसाठी दिलेलं दान सिस्टर विमानात घेऊन चालल्या, त्यांनी ती जरूर वाचावी. नाव घेत नाही कुणाचं.

आता खरा प्रश्न. तो मला इथल्या सुशिक्षित माणसांनी विचारला नाही, एका पाड्यावरच्या आईने विचारला. तिच्या मुलाला सिकल सेलचा आजार आहे. चौदा वर्षं मी त्याला बघते आहे. तो पाच वर्षांचा होईल की नाही याची खात्री नव्हती, आज नववीत आहे. मी जाणार हे कळल्यावर ती दवाखान्यात आली, बाकावर बसली आणि म्हणाली, "सिस्टर, तिकडच्या बायांना नर्स नाही का? आमची कशाला नेतात?" मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलले. देवाची इच्छा वगैरे. ती उठून गेली. घरी आल्यावर मला माझीच लाज वाटली, कारण देवाचं नाव मी तिला गप्प करायला वापरलं होतं.

दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले आणि नीट सांगितलं. तेच आज तुम्हाला सांगते.

सिकल सेल तुम्हाला माहीत आहे. इथं बसलेल्यांपैकी कितीतरी जणांच्या घरात कार्ड आहे. रक्तातली गोल पेशी कोयत्यासारखी वाकडी होते, अडकते, आणि हाडं फुटतील अशी दुखतात. आई आणि बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मूल आजारी निघेल. सरकारने २०२३ च्या जुलैमध्ये या आजाराच्या निर्मूलनाचं अभियान सुरू केलं, तेव्हापासून तपासण्या वाढल्या आहेत. पण हा आजार आपल्याच डोंगरातला आहे असं आपल्याला वाटत होतं. तसं नाही. उत्तर युगांडात, मी जिथं जाणार आहे त्या लिरा शहराच्या आसपास, हा आजार खूप आहे. कारण तेच, जे इथं: पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया. ज्याच्या अंगात सिकलचा एकच दोष आहे, त्याला लहानपणी जीवघेणा मलेरिया कमी होतो, म्हणून तो दोष टिकून राहिला. दोन्ही बाजूंनी आला की मात्र मुलाचे हाल.

मला वाचताना एक गोष्ट सापडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. हर्मन लेहमन नावाचे एक डॉक्टर होते. त्यांनी १९४९ साली युगांडातल्या वेगवेगळ्या जमातींमध्ये सिकल सेल किती आहे यावर लिहिलं. आणि १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींमध्ये हा दोष असल्याचं जगापुढे आणलं तेही त्यांनीच, एका सहकारी बाईंबरोबर. म्हणजे युगांडाचे पाडे आणि आपले पाडे एकाच माणसाच्या वहीत शेजारी शेजारी बसले होते, मी जन्मायच्या आधी.

फरकही आहे. आपल्याकडच्या बऱ्याच रुग्णांच्या रक्तात बाळपणातलं हिमोग्लोबिन जास्त टिकून राहतं, त्यामुळे काहींना आजार थोडा सौम्य जातो. तिकडे लहान मुलांना तो फार कडक असतो, आणि तपासणीच झाली नाही तर मूल कशाने गेलं हे आईला कळतही नाही. तिकडे मी स्वतः फार बाळंतपणं करणार नाही. गावागावांत आपल्या आशाताईंसारखी माणसं असतात, त्यांना शिकवायचं आहे. मुलाची पांथरी रोज हाताने कशी चाचपायची, ती एकाएकी वाढली तर उजाडायची वाट न बघता दवाखाना कसा गाठायचा, पाणी किती पाजायचं, ताप आला तर काय. हे मी पुस्तकातून शिकले नाही. तुमच्या मुलांच्या पोटावर हात ठेवून शिकले. त्या आईला मी हेच म्हटलं: तुझ्या मुलाकडून जे शिकले ते घेऊन चालले आहे.

आणि दुसरं म्हटलं, ते जास्त महत्त्वाचं. माझी जागा रिकामी राहणार असती तर मी गेले नसते. दहा वर्षांपूर्वी मला बोलावणं आलं होतं, तेव्हा नाही म्हटलं. आज आपल्याच पाड्यांवरच्या दोन मुली नर्सिंग पूर्ण करून दवाखान्यात उभ्या आहेत. त्या मावचीत बोलतात, कोकणीत बोलतात. मला आजही बोलताना अडखळायला होतं आणि म्हाताऱ्या हसतात. तिने ऐकून घेतलं. पटलं असं म्हणाली नाही. निघताना मोहाची वाळलेली फुलं मात्र पदरात घातली.

तयारीबद्दल तरुण संघाच्या मुलांनी विचारलं होतं, कारण त्यांतल्या दोघांना पुढे असं जायचं आहे. तर बाळांनो, निम्मी तयारी कागदाची. माझं नाव शाळेच्या दाखल्यावर एक, नर्सिंगच्या नोंदणीवर माहेरचं, आणि पासपोर्टावर सासरचं. तीन बायका एकाच खुर्चीत. राजपत्रात नाव छापून आणलं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून पडताळणी झाली, मग तिकडच्या कौन्सिलकडे अर्ज. यात आठ महिने गेले. आजच आपापली कागदपत्रं काढून नावं जुळवून बघा.

पिवळ्या तापाची लस लागते. ती कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, ठरावीक केंद्रांवरच टोचतात, म्हणून मुंबईला गेले. टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो, तेव्हा आदल्या दिवशी जाऊन चालत नाही. २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो. पिवळी पुस्तिका हरवली तर परत येताना आपलेच लोक विमानतळावरून सहा दिवस अलग ठेवू शकतात. साठीनंतर ही लस जपून देतात. मी ५८ ची, तरी डॉक्टरांनी बराच वेळ चौकशी केली. मलेरियाच्या गोळ्या रोज घ्यायच्या आहेत, आणि परत आल्यावरही चार आठवडे. इतकी वर्षं दुसऱ्यांना गोळ्या गिळायला लावल्या, आता माझी पाळी.

सामान दोन बॅगा, प्रत्येकी २३ किलो. महिला मंडळाने विणलेली बाळटोपडी सगळी नेते आहे, वजनाला हलकी आणि तिकडे पहाटे गारवा असतोच. पण ज्यांनी प्रेमाने उरलेल्या गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या आणून दिल्या, त्यांनी कृपा करून त्या परत न्याव्यात. अर्धी पट्टी, तारीख फाटलेली, नाव वाचता येत नाही, असलं औषध आपण इथल्या पाड्यावर देत नाही, मग तिथं का द्यावं? जुने कपडेही नको. तिकडच्या प्रत्येक बाजारात परदेशातून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग असतात. नागलीचं पीठ द्यायला एक मावशी आल्या होत्या. त्यांना सांगितलं की नागली मुळात त्याच मुलखातली, हजारो वर्षांपूर्वी तिकडूनच आपल्याकडे आली. त्यांना ते खोटं वाटलं. "मग त्यांना भाकरी येते का?" म्हणाल्या. भाकरी नाही, घट्ट उकड करतात, हाताने मोडून खातात. "म्हणजे येत नाही," असं म्हणून त्यांनी पीठ ठेवूनच दिलं. दोन किलो. ते बॅगेत गेलं आहे.

त्या भागात लढाईही होऊन गेली. वीसएक वर्षं एक टोळी प्रभूचं नाव लावून गावं जाळत होती, मुलं पळवत होती. लोक छावण्यांत राहिले, २००६ नंतर हळूहळू घरी परतले. आज मी ज्या आयांना भेटेन त्यांतल्या काही तेव्हा लहान मुली असतील. त्यांच्यापुढे प्रभूचं नाव घेताना मला जपून घ्यावं लागेल. याचा विचार मी रोज करते आणि त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

आता आईचं. हे बोलायचं की नाही यावर मी बराच विचार केला.

आई ८४ वर्षांची, नगरला भावाकडे असते. मला भरायला आलेल्या फॉर्ममध्ये एक रकाना होता: सेवेच्या काळात मृत्यू आल्यास देह कुठे ठेवावा. मी तो तिच्यासमोरच भरला, लपवून काय करायचं. मी लिहिलं, तिथेच, जवळच्या मंडळीच्या दफनभूमीत. आई चष्मा लावून वाचत होती. मग म्हणाली, "हे झालं तुझं. माझ्या वेळचं काय? मूठमातीला येशील?"

मी नर्स आहे, मी हिशोब केला. लिराहून एंटेब्बेचं विमानतळ नाईल ओलांडून जवळजवळ दिवसभराचा रस्ता, मग विमान, मग मुंबईहून नगर. दोन दिवस, कदाचित तीन. मी म्हटलं, "आई, नाही जमणार." भावाला राग आला, खोटं तरी बोलायचं म्हणाला. आई बराच वेळ काही बोलली नाही. संध्याकाळी तिने भावाला बोलावून सांगितलं की हिच्यासाठी थांबायचं नाही, बर्फावर ठेवायचं नाही, त्याच दिवशी करायचं. आणि मला म्हणाली, "मग जिवंतपणी रोज बोल माझ्याशी." तिकडची वेळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. तिच्या रात्रीच्या आठला तिकडे साडेपाच वाजतील, ड्युटी संपलेली असेल. फोनची वेळ ठरली आहे. अंत्युखियाच्या मंडळीने उपास करून, हात ठेवून पौल आणि बर्णबाला पाठवलं हे आपण उपासनेत ऐकलं. माझ्यावर तुम्ही आज हात ठेवलेत. तिने तो आठ दिवस आधी ठेवला, आणि तिचा हात थरथरत होता.

त्याच अध्यायात योहान मार्क पिर्गाहून यरुशलेमेस परत गेला तेही आहे. उपदेशात आपण ते भराभर ओलांडतो. मी ओलांडत नाही, कारण मीही पळाले होते. मी नगरची, मिरजेला नर्सिंग शिकलेली. ज्या मिरजेत कॅनडाहून आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभं केलं, तिथली. मला वाटलं मला सगळं येतं. इथं आले तेव्हा नंदुरबार जिल्हाही झाला नव्हता, धुळ्यात मोडायचं. माझं मराठी कुणाला कळेना, त्यांचं मला. भगताकडे आधी गेलेल्या बायकांवर मी ओरडायचे. चार महिन्यांत एका पावसाळी सकाळी ट्रंक घेऊन एसटीत बसले आणि घर गाठलं. बारा दिवसांनी परत आले. तेव्हाच्या मेट्रनबाईंनी काही विचारलं नाही, ड्युटीची वही पुढे केली आणि म्हणाल्या, रात्रपाळी आहे. पुढे त्याच भगतांपैकी एकाने स्वतःची सून माझ्याकडे बाळंतपणाला पाठवली. खरं सांगायचं तर घर सोडलं ते तेव्हा. यावेळी फक्त अंतर वाढलं आहे.

म्हणून एक विनंती. मी दोन वर्षांआधी परत आले, आजारपणाने, आईमुळे, किंवा झेपलं नाही म्हणून, तर दारात उभं करून का आलात असं विचारू नका. ड्युटीची वही पुढे करा.

प्रार्थनेत तीन गोष्टी ठेवा: दवाखान्यातल्या त्या दोन मुली, माझी आई, आणि माझी जीभ, तिकडची भाषा शिकायला. एवढ्यात एकच शब्द येतो, अप्वोयो, म्हणजे आभारी आहे.

आणखी एक. विमान पुढच्या महिन्यात आहे, पण या गुरुवारचं पाड्यावरचं सिकल सेल शिबिर ठरल्याप्रमाणे होणार आहे. मीच असेन. दवाखान्याची जीप गॅरेजमध्ये आहे, तेव्हा ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी चहा घेताना मला भेटा. सकाळी सातला निघायचं आहे.