कमी खर्चात मत्स्यपेटीची गाळणी कशी निवडाल?

ऊस, द्राक्षे, हळद, आले या पिकांविषयी आपण नेहमी बोलतो. आजचा विषय घरातला आहे. मुलांच्या हट्टापायी घरात काचेची पेटी येते, रंगीत मासे येतात. पहिला आठवडा कौतुकात जातो. दुसऱ्या आठवड्यात मासे पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात आणि एकेक करून मरतात. मग कोणीतरी सांगते, "महागाचा फिल्टर घ्या." पुष्कळदा त्यात पैसेही जातात आणि मासेही. म्हणून थोड्या पैशांत योग्य गाळणी कशी निवडावी, ते आज पाहू.

गाळणी म्हणजे चाळण नव्हे

आपण शेतात युरिया टाकतो. त्याचा जमिनीत अमोनिया होतो. पुढे नायट्रोसोमोनास, नायट्रोबॅक्टर यांसारखे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. मत्स्यपेटीत हेच घडते. माशांची विष्ठा, कल्ल्यांतून बाहेर पडणारा मळ आणि उरलेले खाद्य यांपासून अमोनिया तयार होतो. अमोनिया आणि नायट्राइट ही दोन्ही माशांना विषारी आहेत. नायट्रेट त्यामानाने बरेच सौम्य आहे.

हे काम करणारे जिवाणू गाळणीतल्या स्पंजावर आणि खडीवर वस्ती करतात. म्हणजे गाळणी हा या जिवाणूंचा गोठा आहे. त्यांना राहायला जागा आणि सतत प्राणवायू असलेले वाहते पाणी हवे. या दोन गोष्टी साध्या गाळणीतही मिळतात. पाणी नितळ दिसले म्हणजे ते निर्विष झाले असे मात्र समजू नये.

आपल्या भागात एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. माण, खटाव, जत, आटपाडी या तालुक्यांत पुष्कळ ठिकाणी कूपनलिकेचे पाणी जड असते. असे पाणी बहुधा अल्कधर्मी असते. पाण्याचा सामू 7 वरून 8 वर गेला, की अमोनियाचा विषारी अंश सुमारे नऊ पट होतो. अशा पाण्यात गप्पी, मोली, प्लॅटी हे मासे चांगले तग धरतात. पण गाळणी बंद पडून चालत नाही.

कोणती गाळणी घ्यावी?

प्रथम पेटीत पाणी किती मावते ते काढा. लांबी, रुंदी व उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि त्याला 28 ने गुणा. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत 56 लिटर होतात. खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता सुमारे 45 ते 50 लिटर पाणी धरावे.

1. स्पंज गाळणी : लहान एअर पंपाच्या हवेवर चालते. काही शे रुपयांत पंपासह मिळते. गाळ आणि अमोनिया दोन्हींचे काम करते, हवाही देते, पिल्ले ओढून घेत नाही. 50 लिटरपर्यंतच्या पेटीला हीच घ्यावी.

2. खडीखालची जाळी : स्वस्त आहे, पण गाळ खडीत साचतो आणि साफ करताना सगळी पेटी उपसावी लागते.

3. पाण्यात बुडणारी मोटरची गाळणी : 75 ते 100 लिटरच्या पेटीला ठीक. तिची ताशी क्षमता पेटीतील पाण्याच्या चार-पाच पट असावी.

4. बाहेर ठेवायची डब्याची गाळणी : चांगली आहे, पण काही हजारांची. लहान पेटीला तिची गरज नाही.

विजेचाही हिशेब करा. पाच वॅटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला 3.6 युनिट लागतात, वीस वॅटचा चालला तर 14.4 युनिट.

पैसे अगदीच कमी असतील तर गाळणी घरीही होते. प्लास्टिकच्या स्वच्छ बरणीला भोके पाडा. तळाशी धुतलेली खडी, तिच्यावर जाड भोकांचा स्पंज ठेवा. मधून एक उभी नळी बसवून तिच्या तळाशी एअर पंपाची हवा सोडा. हवेबरोबर पाणी नळीतून वर चढते आणि त्याच्या जागी नवे पाणी स्पंजातून आत येते. पंप मात्र विकतच घ्यावा लागेल.

वीज गेली तर?

एअर पंप पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर ठेवा. तो खाली असला, की वीज जाताच नळीतून पाणी उलटे पंपात उतरते. उंच जागा नसेल तर नळीत उलट पाणी अडवणारा लहान व्हॉल्व्ह बसवा. वीज बराच वेळ आली नाही तर खाद्य बंद ठेवा आणि तांब्याने पेटीतलेच पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओता. उन्हाळ्यात याची जास्त गरज असते. 20 अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. डब्याची गाळणी कित्येक तास बंद राहिली असेल तर आतले कुजके पाणी फेकून, स्पंज धुऊन मगच ती सुरू करा.

गाळणीची निगा

नव्या गाळणीत जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून सुरुवातीला दोन-तीन लहान मासेच सोडा. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्या. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून ते उघड्या बादलीत एक दिवस ठेवून वापरा.

स्पंज कधीही साबणाने किंवा नळाखाली धुऊ नका. पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्या. नाहीतर महिनाभरात जमलेले जिवाणू एका दिवसात मरतात आणि पेटी पुन्हा पहिल्या दिवसावर येते.

शेवटी सर्वांत महत्त्वाचे. फवारणीची बादली, ड्रम, पाइप किंवा औषधाचा रिकामा डबा मत्स्यपेटीसाठी कधीही वापरू नका. सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशके अत्यल्प प्रमाणातही माशांना मारतात. एअर पंप खोलीतलीच हवा पाण्यात सोडतो, म्हणून औषधे ठेवलेल्या खोलीत पेटी नको. फवारणी करून आल्यावर हात स्वच्छ धुतल्याखेरीज पेटीत घालू नका.

बंधू-भगिनींनो, पेटीतून काढलेले पाणी गटारात घालवू नका. त्यात नायट्रेटच्या रूपाने नत्र असते. मीठ किंवा औषध घातलेले नसेल तर ते परसबागेतल्या झाडांना घाला. गाळणी साधीच घ्या, पण ती अखंड चालू ठेवा आणि पहिला महिना धीर धरा. मुलांचे मासेही जगतील आणि तुमचे पैसेही वाचतील.