सुप्याच्या बाजारातील कर्जरोखे

कर्जमाफीची चर्चा निघाली की बारामती-इंदापूर परिसराने १२ मे १८७५ हा दिवस आठवावा. त्या दिवशी सुपे येथे (गाव आज बारामती तालुक्यात, तेव्हा भीमथडीत) शेतकऱ्यांनी सावकारांची घरे-दुकाने घेरली. रोष मुख्यतः कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले. लोण इंदापुरातही पोहोचले.

कारण एकटा सावकार नव्हता, हे सहसा सांगितले जात नाही! १८६५ मध्ये अमेरिकेतील यादवी संपली व कापसाचा भाव कोसळला. तशातच १८६७ मध्ये इंग्रज सरकारने इंदापूरचा शेतसारा वाढविला. सारा रोखीतच भरायचा. मग रोकड आणायची कोठून? सावकाराकडूनच.

दंगलीनंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत न्यायालयाला रोख्यामागील मूळ व्यवहार तपासता येऊ लागला. कर्जापायी शेतकऱ्याची तुरुंगवारी टळली. सावकारांनी पळवाट काढली. गहाणखताऐवजी थेट खरेदीखत, आणि जमीन परत देण्याचे केवळ तोंडी वचन. सारा मात्र रोखीतच राहिला.

२००८ च्या केंद्रीय योजनेत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचे थकीत पीककर्ज माफ झाले. पण ते बँका व सहकारी संस्थांचे. खासगी सावकाराचे देणे तसेच उरले. खरेदीखतामागे सावकारी दडली आहे काय, हे तपासून जमीन परत देण्याचा अधिकार २०१४ च्या राज्य कायद्याने जिल्हा निबंधकाला दिला आहे. त्यासाठी शेतकऱ्याला त्याच्याकडे अर्ज करता येतो.